ब्लाइंड कधी उचलायचे? आधी डावीकडे बघा

मांडवीत नांगरून ठेवलेल्या एका कॅसिनो बोटीवर मी काही वर्षं पोकरची पानं वाटली. संध्याकाळी पणजीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने आत जायचं, पहाटे बेतीकडचे दिवे बघत परत यायचं. पानं वाटणाऱ्याला स्वतः खेळायचं नसतं, त्यामुळे बघायला भरपूर सवड मिळते. नवखा खेळाडू लगेच ओळखू यायचा. पानं आली की तो ती बघणार, थोड्या वेळाने पुन्हा बघणार, मग स्वतःचे चिप्स मोजणार. आपल्या डाव्या हाताला कोण बसलंय, त्याचं काय चाललंय, तिकडे त्याचं लक्षच नसायचं. ब्लाइंड, म्हणजे दोन भिडूंनी डावाआधी सक्तीने भरलेली रक्कम, बाकीच्यांना डाव सोडायला लावून उचलायचे की नाही, याचं निम्म्याहून जास्त उत्तर त्या डावीकडच्या दोन खुर्च्यांत असतं.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला जाता येत नाही, आणि बाहेरून येणाऱ्यांनाही वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. फोनवर पैसे लावून सराव करण्याची वाट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केली. त्यामुळे आमच्या डिचोलीच्या घरी चवथीच्या रात्री पोकर बसतो तो चिंचोक्यांवर. एक चिंचोका म्हणजे एक, काजूची बी म्हणजे दहा. पावसात भाजायला ठेवलेल्या बिया असतातच घरात. पहिल्या वर्षी एक अडचण आली. चिंचोके फुकटचे, म्हणून कुणी पानं टाकेचना, म्हणजे डाव सोडेचना, प्रत्येक डावाला सगळे आत. समोरचा पानं टाकतच नसेल तर चोरी, म्हणजे हे ब्लाइंड उचलणं, शिकणार कशी? मग नियम केला, ज्याचे चिंचोके आधी संपतील त्याने सकाळची सगळी भांडी घासायची. तेव्हापासून खेळ खेळासारखा व्हायला लागला. घरी शिकायला बसणार असाल तर असा काहीतरी दंड आधी ठरवून घ्या.

१. तीन पत्तीतला ब्लाइंड विसरा

तीन पत्ती खेळलेल्यांचा इथे पहिल्याच दिवशी घोळ होतो. तिथे पानं न बघता चाल करणं म्हणजे ब्लाइंड. पोकरमधले ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांनी सक्तीने भरायची रक्कम, बुटाचे चुलतभाऊ म्हणा. बूट सगळे भरतात, ब्लाइंड फक्त दोघं. टेबलावर एक चकती फिरत असते, तिला बटन म्हणतात. दर डावाला ती एक जागा डावीकडे सरकते. बटनच्या डावीकडचा पहिला भिडू स्मॉल ब्लाइंड भरतो, दुसरा बिग ब्लाइंड. आमच्याकडे एक आणि दोन चिंचोके. बटनच्या उजवीकडची जागा म्हणजे कट-ऑफ.

मी इथे नो-लिमिट टेक्सस होल्डेमबद्दल बोलते आहे: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे सगळ्यांची पाच उघडी पानं, त्यातली पहिली तीन एकदम पडतात तो फ्लॉप, मग एकेक; आणि लावायला वरची मर्यादा नाही. त्यात ब्लाइंड उचलणं, म्हणजे स्टील, असं: आधीच्या सगळ्यांनी पानं टाकली, पाळी कट-ऑफ, बटन किंवा स्मॉल ब्लाइंडवर आली, आणि मागे उरलेल्यांनी सोडून द्यावं या इराद्याने त्याने रेज केलं, म्हणजे रक्कम वाढवली. आधी कुणी नुसता कॉल करून, म्हणजे लावलेल्या रकमेइतकंच भरून, आत आला असेल तर तो डाव स्टीलचा राहिला नाही. त्या माणसाने आपली पानं बरी आहेत असं आधीच सांगून टाकलंय.

अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हा शब्दच खटकला. "चवथीचा चंद्र नुसता दिसला तरी चोरीचा आळ येतो, आणि तू पोरांना चोरीच शिकवतेस?" मी म्हटलं, अप्पा, कृष्णावरचा आळ खोटा होता, इथे सांगूनसवरून चोरी आहे. त्यांचं समाधान झालं नाही. पण अप्पांच्या खेळाबद्दल पुढे सांगते, त्यांच्यावर चोरी चालतच नाही.

२. हिशेब एकदाच नीट करा

सात जण बसले असतील तर एका फेरीत तुम्ही एकदा एक आणि एकदा दोन, असे तीन चिंचोके भरता. हे खुर्चीचं भाडं समजा. फेरीत एक चोरी साधली की तीन हातात आले आणि भाडं फिटलं. चोरीची कमाई इतकीच असते. ती डोळ्यांत भरत नाही, म्हणून नवखे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. तासाभराने त्यांचा ढीग आपोआप वितळलेला असतो, आणि एकही मोठा डाव हरलो नाही तरी गेले कुठे, हे त्यांना कळत नाही.

आता किंमत. बटनवरून तुम्ही रेज करून पाच केले. मधे पडलेत तीन. तीन मिळवायला पाच धोक्यात घातले, म्हणजे आठातून पाच वेळा, ६२.५ टक्के वेळा, दोघांनीही पानं टाकली तर तेवढ्यावरच बरोबरी होते. सहा केले तर हा आकडा ६७ वर जातो. चारच केले तर ५७ वर येतो.

इथे एक खड्डा आहे. दोघांपैकी प्रत्येक जण दहातून आठ वेळा पानं टाकतो असं धरलं, तर दोघंही एकाच डावात टाकण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के. ठीक आहे, जमतंय. प्रत्येकाचं प्रमाण दहातून सात झालं की गुणाकार थेट ४९ वर येतो. दर माणशी फरक फक्त एकाचा, पण धंदा बुडाला. म्हणून दोन्ही खुर्च्या एकत्र बघायच्या. एक मवाळ आणि एक चिकट असेल तर चिकट माणसाचंच चालतं.

अर्थात कुणी कॉल केला म्हणजे तुमचे पाच बुडाले असं होत नाही, हातातली पानं काही वेळा जिंकतातही. त्यामुळे प्रत्यक्षात या आकड्यांपेक्षा थोडं कमी चालतं. रेज फार लहान ठेवण्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. तुम्ही पाच केले आणि स्मॉल ब्लाइंडने सोडलं, तर बिग ब्लाइंडला आठ मिळवायला तीनच भरायचे असतात. चार केले तर सातासाठी फक्त दोन. इतक्या स्वस्तात कुणीही आत येईल. मी शिकवताना बिग ब्लाइंडच्या अडीच पट सांगते, आणि कॉल करायची हौस असलेल्या टेबलावर तीन पट.

बऱ्याच पोकर रूममध्ये फ्लॉप पडण्याआधीच डाव संपला तर कॅसिनो त्यातून आपला वाटा कापत नाही. उचललेले ब्लाइंड पूर्ण पदरात पडतात, हा एक छोटा फायदा.

३. डावीकडे बघा

पानं हातात आली की लगेच बघू नका. आपली पाळी येईपर्यंत ती टेबलावरच राहू द्या. त्या वेळात डावीकडचे दोघं आपापली पानं बघत असतात, तुम्ही त्यांना बघा. आमच्या काकींना पानं आवडली नाहीत की त्या ती दोन बोटांच्या चिमटीत टेबलापासून वर धरतात, फेकायच्या तयारीत. पाळी यायला अजून दोन माणसं असतात, तरी हात वर. बोटीवर तर लाखांनी खेळणारेही हेच करायचे. उलट पानं आवडली की माणूस ती खाली ठेवून वर चिप किंवा बोट ठेवतो, सरळ बसतो, आणि हात नकळत चिप्सकडे जातो. यातली कुठलीच खूण रामबाण नाही. पण त्याच माणसाने तीच खूण तीनदा केली आणि तिन्हीदा तेच केलं, तर धरून चालायला हरकत नाही.

दुसरं बघायचं ते स्वभावाचं. अप्पा पानं टाकतच नाहीत. "फ्लॉप तरी बघू" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या ब्लाइंडवर चोरी करायची नसते; चांगली पानं येईपर्यंत थांबायचं आणि मग रेज मोठा करायचा, ते आनंदाने भरतात. काकी पानं मनासारखी असल्याशिवाय आतच येत नाहीत. त्यांच्या ब्लाइंडवर हात मारायला पानं जवळपास लागत नाहीत, पण त्यांनी उलट रेज केलं तर राजा-राणी असली तरी निमूट टाकून द्या.

तिसरी गोष्ट वेळ, आणि शिकणारा सगळ्यात जास्त इथेच फसतो. गेल्या चवथीला माझा भाचा, नणंदेचा मुलगा, पुण्याहून आला होता. तीन दिवसांत सगळे आकडे त्याला तोंडपाठ. बटन त्याच्यावर, स्मॉल ब्लाइंड काकी, बिग ब्लाइंड भावोजी. आधीच्या सगळ्यांनी टाकली. भाच्याकडे इस्पिक राजा आणि किल्वर नव्वी. पानांना नाव ठेवायला जागा नव्हती. त्याने पाच केले. काकींनी चिमटीतली पानं सोडली. भावोजींनी त्याच्याकडे बघत, पानांकडे न बघता, तीन चिंचोके पुढे सारले. फ्लॉप आला गुलाम, सत्ती, चौकी. भाच्याने सहा लावले, कॉल. पुढच्या पानावर बारा, कॉल. शेवटच्यावर पंधरा, कॉल. भावोजींकडे गुलाम-छक्की. एकूण ३८ चिंचोके गेले.

"मामी, आकडे तर बरोबर होते ना?" आकडे बरोबर होते. पण त्याआधीच्याच डावात भावोजी अप्पांकडून चार बिया हरले होते, आणि हरल्यावर त्यांनी पानं जरा जोरातच आपटली होती. भाचा तेव्हा आपले चिंचोके रचत होता. नुकताच मोठा डाव हरलेल्या माणसाच्या ब्लाइंडला पुढची एक-दोन फेरी हात लावू नये. त्याला भांडायला कुणीतरी हवं असतं, आणि तुम्ही पाच चिंचोके घेऊन दारात उभे राहता. त्या वेळी चांगली पानं असली तर जरूर रेज करा, तो कॉल करेल हे गृहीत धरूनच करा.

चौथं, त्यांच्या पुढ्यात किती आहे ते. बिग ब्लाइंडच्या दहा-पंधरा पट इतकेच उरलेला माणूस घाबरून सोडेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्याच्याकडे एकच हत्यार उरलेलं असतं, ते म्हणजे ऑल-इन, पुढ्यातलं सगळं एकदम लावणं, आणि तुमच्या रेजचीच तो वाट बघत असतो. त्याच्यासमोर राजा-नव्वीने केलेला रेज बहुतेक वेळा टाकूनच द्यावा लागतो.

४. आता पानं बघा

पानं चौथ्या पायरीवर का, असं विचाराल. दोन पानांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात. दश्शीच्या जोडीपासून एक्क्यांच्या जोडीपर्यंत, शिवाय एक्का-राजा आणि एक्का-राणी, एवढं भारी धरलं तर त्या फक्त ६२. समोरच्या एका माणसाकडे असं काही असण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी, दोघांपैकी कुणाकडे तरी असण्याची साधारण नऊ टक्के. म्हणजे बहुतेक वेळा डावीकडेही कचराच असतो. प्रश्न इतकाच की ते तो कचरा टाकतात की नाही.

सुरुवातीला बटनवरून एवढ्यावर चोरी करा: कोणतीही जोडी, कोणताही एक्का, राजाबरोबर नव्वी किंवा वरचं पान, राणी-गुलाम-दश्शी यांतली कुठलीही दोन, आणि शेजारची दोन पानं एकाच चिन्हाची, जशी बदाम अठ्ठी-सत्ती. कट-ऑफवरून यातली कमजोर गाळा, कारण तिथे तुमच्या डावीकडे दोघं नाहीत, बटन धरून तिघं आहेत, आणि बटनवाला फ्लॉपनंतर तुमच्यामागून बोलतो. एक्का हातात असण्याचा एक आडवा फायदा आहे. एक्क्यांची जोडी सहा प्रकारे बनते; एक एक्का तुमच्याकडे असला तर तीनच प्रकार उरतात.

काकींसारख्या दोघी डावीकडे असतील तर यादी सैल सोडा. अप्पा असतील तर आवळा.

५. रेज तोंडाने सांगा

हे वाचून हसाल, पण यात फुकट गेलेल्या चोऱ्या मी स्वतः मोजल्यात. बोटीवर एकदा ब्लाइंड १०० आणि २०० होते. बटनवर एक तरुण, सगळ्यांनी टाकलेली, दोन्ही ब्लाइंड कंटाळलेले. याने झोकात १,००० चा एक चिप टेबलावर टाकला, तोंडाने काही नाही. नियम असा की बोलल्याशिवाय एकच मोठा चिप टाकला तर तो कॉल धरला जातो. मी "कॉल" म्हटलं आणि ८०० परत सरकवले. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच चोरी केली. बिग ब्लाइंडने टेबलावर टकटक केलं, म्हणजे आणखी काही न लावता पाळी सोडली, फ्लॉप फुकटात बघितला, आणि अठ्ठी-तिर्रीच्या दोन जोड्या घेऊन डाव नेला.

तेव्हा आधी "रेज" म्हणा, आकडा म्हणा, मग चिप्स एकाच हालचालीत पुढे ठेवा. थोडे ठेवून हात मागे नेऊन आणखी आणले तर दुसरी खेप धरत नाहीत. आणि चांगल्या पानांना आणि चोरीला आकडा एकच ठेवा. एक्क्यांच्या जोडीला सहा आणि चोरीला चार, असं दोनदा केलंत तर काकींनाही कळतं.

६. पकडले गेलात तर

उलट रेज आला तर यादीतल्या बहुतेक पानांना टाकून द्यायचं. पाच गेले, संपलं. "मला चोर समजतो काय" म्हणून पुढे भरणारे लोक मी पाहिलेत, आणि समज खरीच असायची.

नुसता कॉल आला तर बटनवरून तुम्हाला एक फायदा असतो, शेवटी तुम्ही बोलता. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर निदान जोडी लागण्याची शक्यता साधारण ३२ टक्के. म्हणजे बिग ब्लाइंडचाही फ्लॉप बहुतेक वेळा हुकतो. त्याने टकटक केलं, आणि खाली एक्का किंवा राजासारखं मोठं, सुटं पान पडलं, तर एकदा लावा. मधे अकरा असतात, तुम्ही पाच लावले तर तीनातून एकदा जरी त्याने टाकलं तरी बरोबरी होते. खाली नव्वी-अठ्ठी-सत्ती असं एकमेकांना चिकटलेलं आलं, तर तिथे सगळ्यांना काहीतरी लागतं, लावू नका. आणि एकदा लावून कॉल आला की हात आवरा. भाच्याचे पाच आणि सहा गेले ते खेळाचा भाग, त्यानंतरचे २७ हट्टापायी गेले.

७. जागा आणि स्पर्धा, थोडक्यात

स्मॉल ब्लाइंडवरून चोरी करताना समोर एकच माणूस उरतो हे खरं, पण फ्लॉपनंतर आधी तुम्हाला बोलावं लागतं. नवख्याने तिथून तीन पट रेज करावा, आणि बिग ब्लाइंड अप्पा असतील तर करूच नये.

स्पर्धेत चोरीला भाव जास्त येतो. आजकाल बऱ्याच ठिकाणी बिग ब्लाइंडवालाच सगळ्यांच्या वतीने अँटी, म्हणजे बुटासारखी सक्तीची रक्कम, भरतो. ब्लाइंड १००-२०० आणि अँटी २०० असेल तर मधे ५०० पडलेले असतात. ४०० चा रेज करून ते मिळवायला ४४ टक्के यश पुरतं. बक्षिसाच्या रांगेत शिरायला एक-दोन माणसं बाहेर पडायची बाकी असतील, तेव्हा मधल्या ढिगाचे लोक फार जपून खेळतात, चोरीला तोच सुगीचा काळ. तुमच्याचकडे दहा बिग ब्लाइंडपेक्षा कमी उरले असतील तर छोटा रेज करून मग टाकून देण्यात अर्थ नाही. ऑल-इन करा नाहीतर पानं टाका.

८. काही फेऱ्या पानं न बघता

शेवटचा सराव मी भाच्याकडून विसर्जनाच्या आदल्या रात्री करून घेतला. बटन आलं की पानांवर हात धरायचा, बघितल्यासारखं करायचं, पण बघायचं नाही. ठरवायचं ते फक्त डावीकडे बघून. चिंचोक्यांचा खेळ असेल तेव्हाच करा हे.

पहिल्या दोन वेळा त्याने टाकली, एकदा कुणी आधीच आत आलं म्हणून आणि एकदा काकींनी पानांवर बोट ठेवलं म्हणून. तिसऱ्यांदा सगळ्यांनी टाकली. काकींची पानं चिमटीत होती. भावोजी एव्हाना पाच बिया वर होते, चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावण्यात गुंग, आणि सकाळची भांडी आपल्यावर नाहीत याचं समाधान चेहऱ्यावर. भाचा "रेज, पाच" म्हणाला. काकींनी सोडली. भावोजींनी ढिगावरून नजरही वर न करता पानं सरकवली.

तीन चिंचोके ओढून घेताना तो आपली पानं उलटून दाखवायला गेला, तशी मी त्यावर हात ठेवला. उचललेल्या डावाची पानं दाखवायची नसतात, भारी असोत की कचरा. काकी म्हणाल्या, "काय होतं रे तुझ्याकडे?" तो म्हणाला, "काकी, खरंच माहीत नाही." त्यांचा काही विश्वास बसला नाही. मी पानं गड्डीत मिसळली आणि पिसायला घेतली.